मथळ्यावरच थांबणारा वाचक

१ एप्रिल २०१४. अमेरिकेतल्या ‘नॅशनल पब्लिक रेडिओ’ने, म्हणजे एनपीआरने, आपल्या फेसबुक पानावर एक लिंक टाकली. मथळा होता, ‘अमेरिका आता वाचत का नाही?’ बघता बघता खाली प्रतिक्रियांचा ढीग पडला. कुणी शाळांच्या नावाने बोटे मोडली, कुणी मोबाइलच्या. ‘आम्ही तर रोज वाचतो’ म्हणत काहींनी एनपीआरलाच फैलावर घेतले. लिंक उघडून बघण्याची तसदी ज्यांनी घेतली, त्यांना आत लेख मिळालाच नाही. आमच्या बातम्या न वाचताच काही लोक त्यांवर मत देतात असे आम्हाला वाटते, तुम्ही हे वाचत असाल तर लाइक करा पण प्रतिक्रिया लिहू नका, अशा अर्थाचा त्रोटक मजकूर आणि एप्रिल फूलच्या शुभेच्छा, एवढेच तिथे होते.

गंमत म्हणून हे सोडून देता आले असते. पण पुढे आकडेही त्याच बाजूने बोलू लागले. कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्समधली इन्रिया ही संशोधन संस्था यांच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये ट्विटरवरच्या लिंकचा माग काढला, तेव्हा लोकांनी शेअर केलेल्या ५९ टक्के लिंक कुणी एकदाही उघडल्या नव्हत्या. ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासात फेसबुकवरच्या साडेतीन कोटी पोस्टची छाननी झाली. तिथे लिंक न उघडताच ती पुढे पाठवण्याचे प्रमाण ७५ टक्क्यांच्या घरात निघाले.

जाहिरातक्षेत्रातला मातब्बर डेव्हिड ओगिल्व्ही याने १९६३ च्या आपल्या पुस्तकात हिशेब मांडला होता, की मथळा वाचणारे लोक आतला मजकूर वाचणाऱ्यांच्या पाचपट असतात. म्हणजे मथळ्यावर थांबणारा वाचक मोबाइलने जन्माला घातलेला नाही, तो आधीपासूनच होता. पूर्वी तो वर्तमानपत्राची घडी घालून ते बाजूला ठेवायचा. आता तो न वाचलेला मजकूर मथळ्याच्या भरवशावर चार ग्रुपवर पाठवतो, वर स्वतःचे मत जोडतो, आणि त्या मतावर दिवसभर भांडतो.

मथळे आणि पोस्ट कशा लिहाव्यात हे शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांचा, कार्यशाळांचा आणि यूट्यूबवरच्या गुरुजनांचा जीव लिंक उघडणाऱ्या मोजक्या वाचकांत अडकलेला असतो. त्यांचे बोट कसे खेचून आणायचे, याच्याच युक्त्या. अधिक वाचक हवेत हा हेतू रास्त आहे. कुणीच वाचू नये म्हणून लिहिणारा माणूस अजून भेटायचा आहे. तरी या पुस्तकाच्या पुढच्या पानांचा भर दुसऱ्या वाचकावर आहे. मथळ्यावर नजर टाकून जो पुढे निघून गेला, तो काय घेऊन गेला? त्याच्या हाती खरी गोष्ट लागली, की अर्धवट, की नुसतीच हुरहुर? संख्येने तोच जास्त आहे. त्याला उपाशी ठेवून उरलेल्यांना जेवायला बोलावणारा मथळा आकड्यांत कितीही यशस्वी ठरो, लेखन म्हणून तो फसलेला असतो.

छापील वर्तमानपत्राला ही चिंता कमी होती. अंक विकत घेतलेला असे, पैसे देऊन झालेले असत. मथळ्याचे काम पान लावण्याचे, कोणती बातमी मोठी आणि कोणती किरकोळ हे सांगण्याचे. आठ कॉलमी मथळ्याखाली उपमथळा, बाजूला फोटो, कोपऱ्यात चौकट, आणि नजर आपोआप इंट्रोवर, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदावर, घसरे. डेस्कवर उपसंपादकाची खरी डोकेदुखी असे ती ‘हेडिंग बसत नाही’ ही. दोन कॉलमांत शब्द मावेना म्हणून ‘मुख्यमंत्र्यांनी’ काढून ‘सरकारने’ घालायचे, ‘आत्महत्येचा प्रयत्न’ मावेना म्हणून वाक्यच फिरवायचे. मोबाइलच्या पडद्यावर हा सगळा गोतावळा नाहीसा झाला. तिथे मथळा एकटा उभा असतो. त्याच्या वर मावसभावाच्या लग्नाचे फोटो, खाली प्रेशर कुकरची जाहिरात. तो कोणत्या पानावरचा, किती महत्त्वाचा, बातमी आहे की कुणाचे मत, हे सांगायला शेजारी कुणी नाही.

पण एकटा उभा राहून टिकणारा मथळा मराठीला नवा नाही. ‘केसरी’च्या ६ जुलै १८९७ च्या अंकातला ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा अग्रलेख आज किती जणांनी मुळातून वाचलेला असतो? मथळा मात्र शाळकरी पोरांनाही पाठ असतो. पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर सरकारने पुणेकरांवर जो वरवंटा फिरवला, त्यावर टिळकांनी हा सवाल टाकला होता. गंमत अशी, की याच अग्रलेखापायी टिळक तुरुंगात गेले असे महाराष्ट्रात सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात बोट ठेवले गेले ते १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर, म्हणजे रँडवरच्या हल्ल्याच्याही आठवडाभर आधी छापलेल्या. शिक्षा एका मजकुरापायी झाली आणि लोकांच्या स्मरणात तिचे श्रेय दुसऱ्याच मथळ्याला गेले.

प्रश्नार्थक मथळ्यांबद्दल इंग्रजी पत्रकारांमध्ये एक खवचट नियम चालतो. इयन बेटरिज या ब्रिटिश पत्रकाराच्या नावाने तो ओळखला जातो. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर त्याचे उत्तर बेलाशक ‘नाही’ द्यावे, असा तो नियम. बातमीदाराला खात्री असती तर त्याने प्रश्न कशाला विचारला असता? हा नियम टिळकांच्या मथळ्याला लावला तरी उत्तर ‘नाही’ असेच येते, आणि टिळकांना तेच उत्तर हवे होते. ‘अमुक अभिनेत्री दुसऱ्यांदा लग्नबंधनात अडकणार?’ या मथळ्यातल्या प्रश्नचिन्हाची जातकुळी वेगळी आहे. ते खात्री नसल्याची पळवाट आहे.

टिळकांचाच दुसरा नमुना याहून उपयोगी. ९ जून १९०८ चा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर सरकारने दडपशाहीचे कायदे पुढे रेटले, त्यावरचा हा लेख. हा लेख आणि १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ यांवरून त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला जावे लागले. चार साधे शब्द, एकही जोरकस विशेषण नाही. लेख न वाचणाऱ्यालाही लेखकाची भूमिका पुरती कळते, आणि वाचू पाहणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न उभा राहतो, का बरे टिकाऊ नाहीत?

मथळ्याची ताकद उलट्या अंगानेही पाहता येते. १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘मार्मिक’ या व्यंगचित्र साप्ताहिकातले ‘वाचा आणि थंड बसा’ हे सदर घ्या. त्याखाली काय असे? मुंबईतल्या कंपन्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांची यादी. युक्तिवाद फारसा नाही, वर्णन नाही, टेलिफोन डिरेक्टरीतून उचलावीत तशी नावे. त्या यादीचा अर्थ काय लावायचा हे मथळ्यानेच ठरवून टाकले होते. पुढे तोच मथळा ‘वाचा आणि उठा’ असा झाला, आणि १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली. त्या राजकारणाबद्दल ज्याचे जे मत असेल ते असो. पण कोरडी यादी नुसत्या मथळ्याने कशी पेटते, हे सोशल मीडियाच्या कितीतरी आधी मराठी माणसाने पाहिलेले आहे. यादीतल्या माणसांची बाजू त्या मथळ्यात मावणारी नव्हती, हेही त्यातच आले.

आता थोडे अपवर्दीविषयी, कारण आजच्या बहुतेक खोडी तिथून आल्या आहेत. मार्च २०१२ मध्ये एली पॅरिसर आणि पीटर कोएक्ली यांनी हे संकेतस्थळ काढले. हेतू भला होता. समाजोपयोगी विषय लोकांपर्यंत पोचवायचे. पद्धत अशी, की प्रत्येक मजकुरासाठी संपादकाने किमान २५ मथळे लिहायचे. त्यांतले निवडक मथळे वाचकांच्या वेगवेगळ्या गटांना दाखवायचे, ज्यावर जास्त बोटे पडतील तो ठेवायचा. पंचविसांतले पहिले काही सगळ्यांनाच सुचतात, खरा मथळा त्यानंतर येतो, हे त्यांचे निरीक्षण आजही खरे आहे आणि सरावासाठी उत्तम आहे. पण निवड करणारा एकच न्यायाधीश होता, क्लिक. तो न्यायाधीश सांगू लागला, की मुख्य गोष्ट लपवा. मग ‘पुढे जे घडले ते पाहून तुमचा विश्वास बसणार नाही’ या चालीचे मथळे जगभर पसरले.

फेसबुकनेच त्यांना डोक्यावर घेतले होते आणि फेसबुकनेच खाली उतरवले. ऑगस्ट २०१४ मध्ये कंपनीने जाहीर केले, की लोकांना विचारले तेव्हा ८० टक्के वेळा त्यांनी असे मथळे पसंत केले ज्यांतून पूर्ण लेख वाचायचा की नाही हे आधीच ठरवता येते. त्यानंतर लिंक उघडून लगेच परत फिरणाऱ्या वाचकांचा हिशेब धरला जाऊ लागला. २०१६ मध्ये अशा मथळ्यांत नेहमी येणारे शब्दप्रयोग हुडकून त्या पोस्ट मागे ढकलल्या गेल्या. डिसेंबर २०१७ मध्ये ‘हो वाटत असेल तर लाइक करा’, ‘मित्राला टॅग करा’ अशी प्रतिक्रियांची भीक मागणाऱ्या पोस्टची पाळी आली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अपवर्दी दुसऱ्या कंपनीच्या हाती गेले होते. मात्र जाता जाता त्याने मागे मोठा ठेवा सोडला. २०१३ ते २०१५ मधल्या त्याच्या ३२,४८७ चाचण्यांची माहिती अभ्यासकांसाठी खुली झाली. मथळ्यांविषयी एवढा मोठा आणि खरा पुरावा अभ्यासकांना आधी क्वचितच मिळाला होता.

त्या पुराव्यातून दोन गोष्टी निघाल्या. २०२३ च्या एका अभ्यासात दिसले, की मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचे प्रमाण सुमारे २.३ टक्क्यांनी वाढते, आणि सकारात्मक शब्दाने ते कमी होते. वाचकाला वाईट बातमी खेचते, हे कोणत्याही टपरीवर ऐकायला मिळेल. आकड्याने त्यावर शिक्का मारला, इतकेच. दुसरी गोष्ट जास्त कामाची. २०२४ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये आलेल्या अभ्यासात ‘वॉशिंग्टन पोस्ट’ आणि अपवर्दीच्या ३०,००० हून अधिक चाचण्या तपासल्या गेल्या. रोजच्या वापरातले, सोपे शब्द असलेले मथळे वाचकांनी जास्त उघडले. पत्रकारांना स्वतःला मात्र या सोपेपणाची तशी ओढ नव्हती. लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची आवड इथे फाटते.

मराठीत ही फाट रोज दिसते. ‘अतिक्रमण निर्मूलन पथकाची धडक कारवाई’ हे कुणाच्या घरचे मराठी आहे? ‘मंडईसमोरच्या टपऱ्या हटवल्या’ असे त्या टपरीवर चहा पिणारा माणूस म्हणतो. प्रश्न ऐरणीवर येतात, निर्णय गुलदस्त्यात राहतात, राजकीय वर्तुळात चर्चेला उधाण येते, कामगारांवर टांगती तलवार असते आणि शेतकरी वाऱ्यावर असतो. यांतल्या प्रत्येक शब्दाला एकेकाळी धार होती. डेस्कवर वर्षानुवर्षे घासून ती गेली, आणि आता हे शब्द बातमी न सांगताच मथळ्याची जागा भरतात.

मराठी संकेतस्थळांनी या जुन्या मालावर अपवर्दीची फोडणी घातली. ‘मोठी बातमी!’ हा मथळ्याचा पहिला शब्द झाला, त्यामुळे कोणती बातमी छोटी हे कळायचा मार्गच बंद झाला. ‘अखेर’ला तर विश्रांतीच नाही, जणू सारा महाराष्ट्र कशाची तरी वाट पाहत ताटकळला होता. ‘प्रसिद्ध अभिनेत्याचे निधन’ वाचून काळजात धस्स होते, आत गेल्यावर कळते की निधन भलत्याच देशातल्या, भलत्याच भाषेतल्या नटाचे. ‘दादांचा मोठा निर्णय’ यात कोणते दादा हे गुपित, कारण राज्यात दादा, भाऊ, ताई आणि साहेब यांची कमतरता नाही. ‘त्या’ प्रकरणाभोवतीचे अवतरणचिन्ह, ‘जाणून घ्या’, ‘वाचा सविस्तर’, ‘कारण वाचून व्हाल थक्क’, आणि सगळे आटोपल्यावर संतापलेले किंवा भावुक झालेले ‘नेटकरी’. हे नेटकरी बहुधा तीन जण असतात. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेला दहा मथळे मागितले तर त्यांतले सात याच वळणाचे येतात, कारण तिने वाचले तेच.

यात मराठीची एक अडचण अशी आहे, की तिच्याकडे कुणी नीट पाहिलेले नाही. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही शेवटी. मोबाइलच्या पडद्यावर मात्र मथळ्याचा नेमका शेवटच कापला जातो. ‘अतिवृष्टीमुळे जिल्ह्यातील सर्व शाळा सोमवारपासून सुरू होणार नाहीत’ ही ओळ नोटिफिकेशनमध्ये ‘…सोमवारपासून सुरू होणार…’ एवढीच दिसते, आणि सोमवारी सकाळी पोरे दप्तरे घेऊन बंद फाटकापाशी उभी राहतात. वर उल्लेख केलेला टिळकांचा मथळासुद्धा आजच्या एखाद्या पडद्यावर ‘हे उपाय टिकाऊ…’ असा दिसला असता, आणि खटला भरायची गरजच उरली नसती. इंग्रजीत नकार वाक्याच्या सुरुवातीलाच येऊन जातो, म्हणून इंग्रजीतून उचललेल्या मार्गदर्शनात हा धोका लिहिलेला नसतो. मराठी मथळा लिहिणाऱ्याने नकाराला, बंदला, रद्दला हाताला धरून पुढे आणावे लागते. ‘सोमवारी शाळा बंदच, जिल्ह्यात अतिवृष्टीचा इशारा’. आता कुठेही कापले तरी घात होत नाही.

अक्षरांच्या हिशेबातही असाच चकवा आहे. यंत्र अक्षरे मोजत नाही, चिन्हे मोजते. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळे सुटे धरते. ‘प्रस्तावना’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा, यंत्राला दहा चिन्हांचा. यूट्यूबचे शीर्षक १०० चिन्हांत बसवायचे किंवा एक्सच्या (पूर्वीच्या ट्विटरच्या) २८० मध्ये पोस्ट लिहायची, तेव्हा जोडाक्षरांनी गच्च भरलेला मथळा दिसायला आखूड असूनही हद्द ओलांडतो. साधे शब्द वापरण्याचे हे आणखी एक, अगदी व्यवहारी कारण.

एखादी बातमी हातात घेऊन पाहणे बरे. समजा, पुण्यात महापालिकेचे पत्रक आले. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी गुरुवारी अमुक भागांचा पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल, नागरिकांनी सहकार्य करावे. घाईतला उपसंपादक पत्रकच मथळा करतो, ‘तांत्रिक कारणास्तव शहराच्या काही भागांतील पाणीपुरवठा राहणार बंद’. कोणता भाग? कोणता वार? ज्याला हे कळायला हवे तो वाचून पुढे जातो. क्लिकच्या मागे लागलेला लिहितो, ‘पुणेकरांनो, गुरुवारी अंघोळीला जाण्याआधी ही बातमी वाचाच!’ याला क्लिक भरपूर मिळतील, कारण पाणी सगळ्यांनाच लागते. पण कोथरूडमध्ये पाणी जाणार असताना खराडीतली माणसेही बादल्या भरून ठेवतील, आणि हडपसरचा माणूस आत जाऊन शिव्या घालत परत येईल. तिसरा लिहितो, ‘कोथरूड, कर्वेनगरमध्ये गुरुवारी पाणी नाही, शुक्रवारी सकाळी कमी दाबाने’. ज्याचे घर तिथे आहे त्याचे काम मथळ्यातच झाले. तरी तोच माणूस लिंक उघडेल, आपली गल्ली यादीत आहे का, टँकर मिळेल का, हे बघायला. आणि तीच लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकेल.

सगळे मथळ्यातच सांगून टाकले तर आत कोण येणार, ही भीती या धंद्यात खोल रुजली आहे. जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकी अभ्यासकाने १९९४ मध्ये कुतूहलाची जी मीमांसा केली, तिचाच आधार घेऊन ही भीती पसरवली जाते. माणसाला माहीत असलेल्या आणि हव्या असलेल्या माहितीत फट पडली की कुतूहल जागे होते, म्हणून फट ठेवा. पण लोवेनस्टाइनच्या मांडणीचा दुसरा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही. फट जाणवण्यासाठी आधी काहीतरी माहीत असावे लागते, आणि माहिती वाढते तसे कुतूहलही वाढते. ज्याला काहीच सांगितले नाही त्याला कसले कुतूहल असणार?

ओगिल्व्हीची रोल्स-रॉइसची १९५८ ची जाहिरात याचा चोख पुरावा आहे. ताशी ६० मैलांच्या वेगाने जाताना या नव्या गाडीतला सर्वांत मोठा आवाज तिच्या विजेच्या घड्याळाचा असतो, एवढे मथळ्यातच सांगून टाकले होते. लपवलेले काही नाही. खाली बारीक टाइपात गाडीची माहिती खच्चून भरलेली, आणि लोकांनी ती वाचली. हे वाक्य ओगिल्व्हीला बसल्या जागी सुचलेले नव्हते. गाडीविषयी मिळेल ते तो तीन आठवडे वाचत होता, आणि घड्याळाचा तपशील त्याला एका ब्रिटिश मोटार नियतकालिकातल्या परीक्षणात सापडला. मथळा सुचत नाही अशी तक्रार करणाऱ्याने बहुतेक वेळा पुरेसे वाचलेले नसते किंवा पुरेसे विचारलेले नसते.

हेच छोट्या माणसाच्या पोस्टला लागू आहे. एप्रिल उजाडला की कोकणातल्या बागायतदारांच्या पोस्ट सुरू होतात, ‘अस्सल देवगड हापूस मिळेल. संपर्क साधा.’ अस्सल तर सगळेच म्हणतात, बाहेरचा आंबा देवगडच्या पेटीत भरणाराही म्हणतो. त्याऐवजी, ‘मंगळवारी उतरवलेला, गवताच्या अढीत घातलेला. पाच डझनी पेटी शनिवारी ठाण्यात पोचेल. खायला सोमवारनंतर काढा’ असे लिहिले तर घेणाऱ्याला वार कळतो, अंदाज येतो, आणि मुख्य म्हणजे सांगणारा माणूस बागेत उभा आहे हे पटते. फोटो अढीचा असावा. इंटरनेटवरून उचललेल्या चकचकीत आंब्याचा असला की वरचे सगळे वाया गेले. बचत गटाची चकली असो, गावच्या वाचनालयाचे व्याख्यान असो, की नाटकाचा प्रयोग, सगळीकडे हेच. गिऱ्हाईक विशेषणाला भुलत नाही, तपशिलाला भुलते.

तपशिलाची खातरजमा हा मात्र वेगळा आणि गंभीर विषय आहे. इंग्लंडमधल्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी चेंगराचेंगरी झाली, लिव्हरपूलचे पाठीराखे दगावले. मृतांचा आकडा पुढे ९७ वर गेला. चारच दिवसांनी ‘द सन’ने पहिल्या पानावर भल्यामोठ्या टाइपात मथळा छापला, ‘सत्य’. खाली आरोप होते, की पाठीराख्यांनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली. यातले काहीच खरे नव्हते. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीचा अहवाल आल्यावर त्याच वर्तमानपत्राने ‘खरे सत्य’ अशा मथळ्याने माफी मागितली, २३ वर्षांनी. लिव्हरपूलमध्ये आजही अनेक दुकाने ते वर्तमानपत्र ठेवत नाहीत. भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत मथळा भडक नसावा आणि खालच्या मजकुराने त्याचे समर्थन व्हावे, असे स्पष्ट कलम आहे. मजकूरच खोटा असेल तेव्हा तेही कलम अपुरे पडते.

आणि महाराष्ट्राला लिव्हरपूलपर्यंत जाण्याचीही गरज नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुले पळवणारे समजून ठार मारले. आधीचे काही आठवडे व्हॉट्सअ‍ॅपवर मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा फिरत होत्या. अशा मेसेजला बातमीदार नसतो, तारीख नसते, गाव नसते. असतो तो मथळ्यासारखा पहिला शब्द, ‘सावधान’, आणि शेवटची आज्ञा, ‘जास्तीत जास्त शेअर करा’. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि ‘फॉरवर्डेड’ची खूण सुरू केली. खोटी गोष्ट खरीपेक्षा वेगाने पसरते, हे त्याच वर्षी ‘सायन्स’मधल्या अभ्यासाने ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासून दाखवले होते. खोट्या बातम्या पुन्हा पुढे पाठवल्या जाण्याची शक्यता खऱ्यांपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली.

पुढच्या पानांत व्हायरल होण्याचे सूत्र शोधणाऱ्याची निराशा होईल. कोणत्या वेळी पोस्ट टाकावी, किती हॅशटॅग लावावेत, याचीही कोष्टके इथे नाहीत. कंपन्या आपले नियम वाटेल तेव्हा बदलतात, आणि आज दिलेले कोष्टक पुस्तक छापून येईतो शिळे झालेले असते. इथे आहेत ते मथळे, बिघडलेले आणि दुरुस्त केलेले, शेजारी शेजारी मांडलेले. जिल्हा दैनिकातला नवखा उपसंपादक, नगरपालिकेची पत्रके लिहिणारा कारकून, ग्रामपंचायतीचा ग्रुप सांभाळणारी सरपंच आणि घरबसल्या लोणची विकणारी काकू, सगळ्यांना ते सारखेच उपयोगी पडावेत अशी अपेक्षा आहे.

वाचकांना एवढेच सुचवायचे, की प्रत्येक प्रकरणाच्या आधी दिलेला कच्चा मजकूर पहिल्यांदा वाचावा आणि पुढचे मथळे झाकून स्वतःचे दहा लिहावेत. मग त्यांतला एक निवडून घरातल्या, मजकूर न वाचलेल्या कुणालाही दाखवावा आणि ‘काय झाले ते सांग’ म्हणून विचारावे. त्याने सांगितलेले आणि मजकुरातले जुळले नाही, तर अकरावा लिहावा.